प्रेक्षक रिंगणात कसा आणायचा: वस्तीत फोरम थिएटर करताना काय आधी, काय नंतर आणि कुठे चुकतं

डफ वाजतो, पोरं गोळा होतात, पंधरा मिनिटांत पथनाट्य उरकतं. शेवटी सगळे कलाकार मुठी उगारून घोषणा देतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि मंडळी रिक्षात बसून निघून जातात. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात विचारा, काल नाटक कशावर होतं? "पाण्यावर होतं वाटतं. छान होतं."

फोरम थिएटर म्हणून जे प्रयोग बघायला मिळतात, त्यातले बरेचसे याच वळणाचे असतात. फरक इतकाच की शेवटी कुणीतरी माइक घेऊन "तर मित्रांनो, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतं आणि पुढच्या रांगेतले दोन काका भाषण करतात. ते फोरम नव्हे.

फोरममध्ये प्रसंग हरण्यावर संपतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो, बघणाऱ्यांतलं कुणीही "थांबा" म्हणतं, उठून आत येतं, हरलेल्या पात्राची जागा घेतं आणि वेगळं काहीतरी करून बघतं. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी ही पद्धत बसवली. त्याआधी ते प्रेक्षकांकडून सूचना घेत आणि नटांकडून करवून दाखवत. १९७३ मध्ये पेरूत एका बाईला नट तिची सूचना धड दाखवेनात, तेव्हा ती वैतागून स्वतःच रंगमंचावर चढली. आपल्याकडचे निम्मे गट अजून त्या बाईच्या आधीच्या पायरीवर अडकलेत.

खालचा क्रम साधारण पाच आठवड्यांचा आहे: दोन-दोन तासांची आठ सत्रं, एक प्रयोग आणि नंतरचं काम. शनिवार-रविवारच्या शिबिरात हे बसत नाही. बसवाल तर पथनाट्यच होईल.

पायरी १: प्रश्न फोरमला जमणारा आहे का?

गट जमवायच्या आधी प्रश्न तीन चाळण्यांतून काढा.

पहिली चाळणी: प्रसंगातल्या व्यक्तीला काहीतरी हवंय आणि ती अजून धडपडतेय का? सगळं होऊन गेलेलं असेल, हाती काहीच उरलं नसेल, तर प्रेक्षक आत येऊन करणार काय? अशा विषयावर साधं नाटक करा किंवा बैठक घ्या.

दुसरी: समोरच्याला तोंड आहे का? "भ्रष्टाचार", "महागाई", "मानसिकता" यांना रंगमंचावर उभं करता येत नाही. रेशन दुकानदार, वॉर्ड ऑफिसच्या खिडकीतला क्लार्क, सासू, कंत्राटदाराचा मुकादम यांना येतं.

तिसरी: हा प्रश्न बघणाऱ्यांचा आहे, की आपण त्यांच्या माथी मारतोय? "व्यसनमुक्ती" हा विषय बाहेरून आलेल्या कॉलेजच्या मुलांनी दारू पिणाऱ्यांसमोर केला, तर तो उपदेशच होतो. तीच गोष्ट पिणाऱ्याच्या बायकोची झाली, तिच्या पगाराची पिशवी फळीवरून काढून घेतली जाते हा प्रसंग झाला, की फोरम होऊ शकतं.

देणगीदाराने विषय आधीच ठरवून दिला असेल तर हीच वेळ आहे त्याच्याशी भांडायची. पुढे गट काय निवडेल हे तुमच्या हातात राहत नाही. राहिलं, तर काहीतरी बिनसलं म्हणून समजा.

पडताळा: प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का? "कोणाला, काय हवंय आणि कोण आडवं येतं." या वाक्यात एखादी जागा रिकामी राहिली तर पुढे जाऊ नका.

पायरी २: गट आणि जागा

आठ ते बारा माणसं पुरतात, आणि ती वस्तीतलीच हवीत. नाटकाची आवड ही अट नको. उलट कॉलेजात एकांकिका केलेला एखादा आला तर त्याला आवरण्यात तुमची शक्ती जाईल.

प्रश्न बायकांचा असेल तर पहिली तीन सत्रं फक्त बायकांची ठेवा. पुरुषांच्या भूमिका बायकांनीच केल्या तरी बिघडत नाही. टीव्हीसमोर पाय पसरून बसलेला नवरा बायका जसा करतात, तसा तो पुरुषाला जमत नाही.

वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. हसू नका, सगळ्यात जास्त गळती इथेच होते. साडेचारला पाणी येत असेल तर चारचं सत्र म्हणजे रिकामी चटई. लहान मुलं सांभाळायला एक माणूस वेगळा ठेवा. नाहीतर आया सत्राला येतात आणि अर्धं लक्ष दाराकडे ठेवतात.

जागा समाजमंदिर, बालवाडी सुटल्यावरची खोली, एखाद्याची गच्ची अशी बघा. आम्ही एकदा एका मंडळाच्या कार्यालयात तालमी लावल्या. पंखा होता, पाणी होतं, फुकट होतं. पण पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायका काही केल्या येईनात. तीन आठवड्यांनी कळलं की त्यांच्या घरचे दुसऱ्या मंडळात होते आणि त्या भिंतीवरच्या फोटोखाली बसणं त्यांना चालणारच नव्हतं. तोवर गट "त्यांचा" झाला होता.

पहिल्याच दिवशी दोन नियम: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि मोबाइल पिशवीत. रेकॉर्डिंग आपल्या अहवालासाठीसुद्धा नाही.

पायरी ३: खेळ वगळू नका

"आम्ही काय लहान आहोत का?" असं पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणतंच. घाईतले संयोजक हेच ऐकून खेळ गाळतात आणि थेट संवाद लिहायला बसतात. मग प्रयोगाच्या दिवशी बाई पाठ केलेलं म्हणते आणि समोरून अनपेक्षित प्रश्न आला की गप्प होते. अंग मोकळं झाल्याशिवाय तोंड मोकळं होत नाही, म्हणून पहिली दोन सत्रं खेळांची. तीन खेळ पुरेत.

तळहाताचा खेळ. जोड्या करा. एकीने तळहात दुसरीच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा. हात जिकडे जाईल तिकडे चेहरा न्यायचा, अंतर तेच ठेवायचं. हात वर, खाली, जमिनीलगत. पाच मिनिटांनी अदलाबदल. मग एकच प्रश्न विचारा: हात होताना कसं वाटलं आणि चेहरा होताना कसं? पुढे मालक-नोकर, सासू-सून, साहेब-अर्जदार असं सगळं संभाषण याच खेळाकडे बोट दाखवून करता येतं. "आत्ता तू हात आहेस की चेहरा?" एवढं विचारलं तरी पुरतं.

डोळे मिटून चालणं. एकीचे डोळे मिटलेले, दुसरी तिला फक्त एका ठरलेल्या आवाजाने नेते: टिचकी, शीळ, टाळी. खोलीत एकाच वेळी सहा आवाज. आपला आवाज ओळखायचा. याने ऐकण्याची सवय लागते आणि पुढे आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचा सगळा भार ऐकण्यावरच असतो.

स्टॅच्यू. हा तर सगळ्यांनी लहानपणी खेळलेला. इथे थोडा बदल: एकीने बाकीच्यांच्या अंगाला हात लावून (आधी विचारून) पुतळे बनवायचे आणि त्यातून आपल्या घरातला किंवा गल्लीतला एखादा क्षण उभा करायचा. बोलायचं नाही. पहिला पुतळा "आहे तसं", दुसरा "हवं तसं", आणि तिसरा मधला, म्हणजे पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना काय घडेल ते. तिसऱ्यावर गट अडतो. अडू द्या. तुम्ही पुतळ्याचा हात उचलून "असं करू या का?" म्हणालात की खेळ संपला.

सावध: जबरदस्तीने डोळे मिटायला किंवा अंगाला हात लावू द्यायला सांगू नका. एखादी नाही म्हणाली तर ती बघेल, एवढंच. कारण विचारायचं नाही.

पायरी ४: गोष्ट कोणाची?

तिसऱ्या-चौथ्या सत्रात पुतळ्यांमधून गोष्टी यायला लागतात. इथे सगळ्यात मोठी चूक होते: सगळ्यात हृदयद्रावक गोष्ट निवडली जाते. एखादी बाई रडत रडत काहीतरी सांगते, खोली सुन्न होते आणि संयोजकाला वाटतं, हेच नाटक.

ते करू नका. एका बाईची खरी गोष्ट तिच्याच गल्लीत खेळली की रात्री तिला त्याच घरात जायचं असतं. शिवाय प्रेक्षक आत येताना कचरतो, कारण तो प्रश्न सोडवत नसतो, त्या बाईच्या आयुष्यावर मत देत असतो. निदान तीन-चार जणींच्या गोष्टींमधलं सारखं काय ते काढा आणि त्यातून एक नवी गोष्ट विणा. प्रत्येकीला तिच्यातला तुकडा ओळखू यावा, बाहेरच्याला कुणाचाच ओळखू येऊ नये.

पात्राचं नावही आधीच तपासून घ्या. आम्ही एकदा घाईत एक नाव दिलं आणि त्या चाळीत त्या नावाच्या तिघी निघाल्या. प्रयोगभर माना त्यांच्याकडे वळत होत्या.

सत्रात कुणी घरातल्या मारहाणीबद्दल बोललं तर ती गोष्ट नाटकात न घेता तिच्याशी वेगळं बोला. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ तुमच्याजवळ लिहिलेला असू द्या. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. "इथलं बोलणं बाहेर जाणार नाही" या नियमाला हा एक अपवाद आहे, आणि तो पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.

पायरी ५: प्रसंग बांधणं

बांधणी लेखात सांगून कळत नाही, म्हणून एक प्रसंग जवळून बघू. आमच्या एका गटाने असा बांधला होता.

रात्रीचे नऊ. शारदाची दहावीतली मुलगी शौचालयाला जायचं म्हणते. बोळातला दिवा तीन महिने बंद. नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, "टॉर्च घेऊन जा की."

बोळाच्या तोंडाशी कट्ट्यावर पोरं बसलीयत. काही बोलत नाहीत. फक्त मोबाइलवरचं गाणं मोठं होतं आणि एक जण खोकतो. दोघी परत फिरतात.

शेजारीण उंबऱ्यात भांडी पुसतेय. "आम्ही नाही का गेलो इतकी वर्षं? बोभाटा केलास तर पोरीचंच नाव खराब होईल."

वॉर्ड ऑफिस. खिडकी. "विद्युत विभाग वर आहे." वर: "साहेब साइटवर गेलेत." पुन्हा खाली: "अर्ज आणलाय? तोंडी तक्रार घेत नाही आम्ही." शारदाला लिहिता येत नाही. ती ते सांगत नाही.

घर. जेवणं चाललीयत. शारदा मुलीसमोर पाण्याचा पेला सरकवते. मुलगी तो हळूच परत सरकवते. "संध्याकाळनंतर मी पाणी पीत नाही आता." सगळे थिजतात.

नऊ मिनिटं. आता यात काय काय बघायचं ते बघा.

शेवट हरण्याचा आहे आणि तो वस्तूत आहे, वाक्यात नाही. शारदाने शेवटी "आम्हा बायकांचं असंच असतं" म्हटलं असतं तर प्रेक्षक मान हलवून घरी गेला असता. पेला परत सरकला की बघणारीचा हात शिवशिवतो.

वेगळं काही करता येईल अशा निदान तीन-चार जागा आहेत: नवऱ्यापाशी, कट्ट्यापाशी, शेजारणीपाशी, खिडकीपाशी. एकच जागा असेल तर फोरम दहा मिनिटांत संपतं. सगळ्या जागा बंद असतील तर ते रडगाणं होतं.

समोरचा राक्षस नाही. आमच्या पहिल्या खर्ड्यात क्लार्क पान खाऊन थुंकत लाच मागत होता. लोक खूप हसले असते आणि काहीच शिकले नसते. खरा क्लार्क तसा नसतो. त्याच्याकडे दोन माणसांचं काम आहे, साहेब खरंच साइटवर आहेत आणि तोंडी तक्रार घेतली तर त्यालाच बोलणी बसणार. त्याला त्याचं कारण द्या. मग त्याच्याशी कसं वागायचं हा खरा प्रश्न उभा राहतो.

आणि शारदाची चूक दिसते. फोरमचा नायक निर्दोष नसावा. ती लिहिता येत नाही हे लपवते, एकटीच जाते, शेजारणीचं ऐकून गप्प बसते. प्रेक्षक नेमका याच फटींमधून आत शिरतो.

पडताळा: प्रसंग बघून तुमच्या ओळखीच्या एका बाहेरच्या व्यक्तीला विचारा, "तू असतास तर कुठे थांबवलं असतंस?" लगेच जागा सांगता आली तर बांधणी ठीक. "फार वाईट वाटलं" एवढंच म्हणाली तर पुन्हा बसा.

पायरी ६: तालीम, पण संवादांची नाही

संवाद पाठ करून घेणं थांबवा. प्रत्येकाला आपल्या पात्राला काय हवंय आणि ते का सोडायचं नाही एवढं पक्कं हवं. त्यासाठी खुर्चीवरची चौकशी: क्लार्कला खुर्चीत बसवा आणि बाकीच्यांनी त्याला, तो क्लार्क आहे असं धरून, प्रश्न विचारायचे. घरी कोण आहे? दुपारचा डबा कधी खाल्ला? आजवर कुणाचा अर्ज तोंडी घेतलास का? मग काय झालं? दहा मिनिटांत माणूस उभा राहतो.

मग गटातल्याच एकेकीने प्रेक्षक बनून "थांबा" म्हणायचं आणि आत यायचं. इथे नटांना शिकवायचं ते असं: लगेच हरू नका आणि दगडही होऊ नका. समोरच्याने पटण्यासारखं केलं तरच वाकायचं, तेही जेवढं त्या माणसाला परवडेल तेवढंच. क्लार्क पहिल्याच गोड शब्दाला विरघळला तर खोटं. काहीही केलं तरी "नाही" म्हणत राहिला तर लोक उठणं बंद करतात. हा तोल दोन सत्रं तरी खातो.

याच तालमीत जोकर तयार होतो. फोरमचा प्रयोग चालवणाऱ्याला बोआल जोकर म्हणत, पत्त्यातल्या जोकरसारखा, कुठल्याच रंगाचा नसलेला. काही जण त्याला सूत्रधार म्हणतात, मला ते पटत नाही. आपला सूत्रधार पुढे काय घडणार हे जाणतो आणि गोष्ट त्या दिशेला नेतो. जोकरला उत्तर माहीत नसतं. माहीत असेल तर त्याने ते गिळावं.

पायरी ७: जागा, वेळ, परवानगी

हे पटकन. रिंगण तीन बाजूंनी, चौथीला भिंत, म्हणजे आवाज मागे फुटत नाही. दीड-दोनशे माणसांपर्यंत माइक लागत नाही, आणि न लावलेलाच बरा. माइक हातात आला की प्रत्येकाच्या तोंडून भाषण निघतं. लावलाच तर त्याची परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो. पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. नगरसेवक असो वा मंडळ, सगळ्यांना सारखंच निमंत्रण द्या, पण सत्कार-नारळ कुणाचाच ठेवू नका. आरतीची, नमाजाची, पाण्याची वेळ टाळा. परीक्षेचा महिना आणि निवडणुकीची आचारसंहिताही.

सामान एका पिशवीत मावलं पाहिजे: चटई, खुर्ची (ती कुणाच्याही घरातून), पेला, ओढणी, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. ओढणी महत्त्वाची. ज्याच्या खांद्यावर ओढणी ती शारदा, हे प्रेक्षकाला एका नजरेत कळतं आणि आत येणाऱ्यालाही ओढणी घेतल्यावर धीर येतो.

पायरी ८: प्रयोग, क्रमाने

१. आधी सगळ्यांना एक सोपा खेळ द्या: एका हाताने हवेत गोल, दुसऱ्याने फुली, दोन्ही एकदम. कुणालाच जमत नाही. सगळे एकदम चुकले की चुकायची लाज जाते.

२. पूर्ण प्रसंग एकदा, न थांबवता.

३. जोकर विचारतो: "असं घडतं का आपल्याकडे?" हो आलं तर पुढे. "यात कुणाला काय हवं होतं? कुठे हुकलं?" दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. इथे चर्चा रंगली की कुणी उठत नाही.

४. नियम सांगा. प्रसंग पुन्हा होणार, जरा वेगाने. जिथे वाटेल तिथे "थांबा" म्हणा आणि या. शारदाची किंवा तिला साथ देऊ शकेल अशा कुणाची जागा घ्या. क्लार्कची घेता येणार नाही, कारण चांगला क्लार्क आणला की प्रश्नच उरत नाही आणि उद्या खिडकीत तर तो जुनाच बसलेला असणार.

५. कुणी "थांबा" म्हणालं की टाळ्या. बोलायला लागलं तर "सांगू नका, या, करून दाखवा." ओढणी द्या. कुठून सुरू करायचं ते विचारा.

६. झाल्यावर तीन प्रश्न, याच क्रमाने. आत आलेल्याला: "काय मिळालं, काय अडलं?" समोरच्या पात्राला: "तुला कुठे माघार घ्यावीशी वाटली?" लोकांना: "हे उद्या सकाळी खिडकीत जमेल का?" चांगलं-वाईट असा शेरा जोकरने मारायचा नाही, "वा!" सुद्धा नाही. एकाला वा म्हटलं की पुढचा तेच करतो.

७. पाच ते सात जण आत येईपर्यंत, साधारण तासभर. लोक उठायला तयार असतानाच थांबवा.

शारदाच्या प्रयोगात पहिली उठली ती साठीची एक आजी. ती खिडकीपाशी न जाता शेजारणीपाशी थांबली. वाद घातला नाही. "भांडी राहू देत, आज तू चल माझ्याबरोबर, मला एकटीला भीती वाटते," एवढंच म्हणाली. शेजारीण झालेल्या बाईला नाही म्हणता येईना. मग दुसरी खिडकीपाशी गेली आणि क्लार्कला म्हणाली, "मला लिहायला येत नाही, तुम्ही लिहा, मी अंगठा देते." रिंगणात शांतता. क्लार्क करणाऱ्या मुलीने नंतर सांगितलं, की पेन हातात घेतल्यावर आपण कुठल्या तोंडाने परत ठेवणार होतो?

आता अडचणी.

कुणीच उठत नाही. घाबरून स्वतःच्या माणसाला उठवू नका, लोकांना ते कळतं. प्रसंग आणखी हळू करा, "थांबा" म्हणायच्या जागी क्षणभर रेंगाळा. शेजारी-शेजारी दोघांना आपसात दोन मिनिटं बोलायला सांगा. मग विचारा, "तुमच्यात काय ठरलं? तुम्ही या." जवळजवळ नेहमी चालतं.

"मंत्री येतो आणि दिवा लावून देतो." याला लोकांकडूनच "जादू!" म्हणवून घ्या. आत आलेल्याचा पाणउतारा होऊ देऊ नका. "हा मंत्री आपल्या गल्लीत कसा येईल, तिथून सुरू करू या का?" असं विचारा.

पुरुष शारदाची जागा मागतो. "तिने सरळ कानाखाली वाजवायची," असं म्हणत तो उठतो. बाईचं बोळातलं भय त्याच्या अंगात नसतं, त्यामुळे त्याचा उपाय सोपा वाटतो आणि बायका मागे सरतात. त्याला नवऱ्याची जागा द्या: "तुम्ही टीव्हीसमोर बसलाय. आता करा." यावर रिंगणात जे हसू फुटतं त्याने पुढचं अर्धं काम होतं.

दारू प्यायलेला माणूस मध्ये येतो. गटातला एक जण आधीच याच कामाला ठेवा. त्याने त्याच्या शेजारी बसून गप्पा माराव्यात. हाकलून लावू नका, तोही समोर बसलेल्यांपैकी कुणाचा तरी नवरा असतो.

कार्यकर्ता भाषण सुरू करतो. "दादा, हेच शारदा बनून म्हणा," असं सांगून ओढणी पुढे करा. बहुतेक वेळा खाली बसतो. क्वचित ओढणी घेतो, आणि मग मात्र बघण्यासारखं असतं.

मारामारी. धक्काबुक्की, केस ओढणं दिसलं की जोकरने तत्काळ थांबवायचं. राग दाखवायचा असेल तर हळू गतीत, अंगाला न लागता.

पायरी ९: त्याच रात्री आणि पुढे

प्रयोग संपला की गट थकलेला असतो, चहा होतो आणि सगळे पांगतात. त्याच रात्री अर्धा तास बसा. कोण आत आलं (नाव नको, "आजी", "निळी साडी" पुरे), काय केलं, समोरच्याने काय म्हटलं, लोक काय म्हणाले. सकाळपर्यंत यातलं निम्मं विसरतं आणि अहवालात "लोकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" एवढंच उरतं.

आठ दिवसांच्या आत त्याच चौकात बैठक. मोठा कागद लावा, दोनच रकाने: रिंगणात काय करून बघितलं, त्यातलं खरंच कोण करणार आणि कधी. दिव्याच्या बाबतीत यादी अशी होती: चौघींनी मिळून जायचं, अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. काही हललं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात विचारायचं, कारण तिथे उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. खेड्यात असाल तर महिलांची वेगळी ग्रामसभा नेहमीच्या ग्रामसभेआधी होते. प्रयोग तिच्या आठ-दहा दिवस आधी ठेवा, म्हणजे रिंगणात बोललेलं तिथे ठराव म्हणून मांडता येतं. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ रिओत नगरसेवक होते आणि फोरममधून आलेल्या सूचना त्यांनी कायद्यांच्या मसुद्यांपर्यंत नेल्या. आपल्याला एक दिवा लावायचाय, तेवढं जमायला हरकत नसावी.

त्या प्रयोगानंतर चौघी वॉर्ड ऑफिसात गेल्या तेव्हा खरा क्लार्क आमच्या क्लार्कपेक्षा बराच सौम्य निघाला. तालमीत इतका चिवट क्लार्क बघितल्यामुळे त्या त्याच्याशी फार जोरात बोलल्या, असं त्यांनीच नंतर हसत सांगितलं. दिवा दुसऱ्या फेरीत लागला. कट्ट्यावरची पोरं अजून तिथेच बसतात.

म्हणून पुढचा प्रसंग कट्ट्यापासून सुरू केला, आणि या वेळी त्या पोरांपैकी दोघांना गटात घेतलं. जोकर मी नव्हतो. शेजारीण केलेल्या बाईकडे ओढण्यांची पिशवी सोपवली होती, वेळही तिनेच ठरवली: सायंकाळी सात, पाणी गेल्यानंतर.